रुग्णालयाचा कारभार : सहा महिन्यांची पहिली शिदोरी

दरवर्षी परीक्षांचे निकाल हाती आले म्हणजे आमच्या वाचकांच्या घरोघरी एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे? ओसरीवर वडील मंडळी बसतात, काका एक सांगतात, मामा दुसरे सांगतात, आणि ज्याच्याविषयी हा सारा खल चाललेला असतो त्याला शेवटी कोणी तरी विचारतो, "अरे, तुझे स्वतःचे काय म्हणणे आहे?" वैद्यकी, यंत्रविद्या, वकिली, शिक्षकी हे मार्ग आपल्या घरांस परिचयाचे आहेत, त्यांविषयी मत द्यावयास कोणी कचरत नाही. परंतु अलीकडे ह्या चर्चेत एक अपरिचित नाव ऐकू येऊ लागले आहे. ते म्हणजे रुग्णालय-प्रशासन, अथवा अधिक व्यापक अर्थाने आरोग्यसेवांचे व्यवस्थापन. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम असून तो बहुधा दोन वर्षांचा, म्हणजे चार सहामाह्यांचा असतो.

तेलगावातील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कन्येने विज्ञानाची पदवी घेऊन हाच अभ्यास पत्करला आहे. तिचे वडील आम्हांस म्हणाले, "गुरुजी, पोरगी डॉक्टर होणार नाही, नर्स होणार नाही, औषधही देणार नाही. मग दवाखान्यात बसून करणार काय? कारकुनीच ना?" प्रश्न रास्त होता, आणि तो केवळ एका बापाचा नव्हता. म्हणून आम्ही त्या मुलीच्या पहिल्या सहामाहीच्या वह्या मागवून घेतल्या व चष्मा पुसून त्या वाचावयास बसलो. आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजीस जेवढे झेपले तेवढ्यावरून आमची खात्री झाली की, ही कारकुनी नव्हे. किंबहुना आपल्या बीड जिल्ह्यास ह्या विद्येची जितकी गरज आहे तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या विद्येची असेल. ते कसे, हे ह्या महिन्याच्या पानात सांगावयाचे आहे.

प्रथम, ही विद्या अगदीच परकी आहे हा गैरसमज दूर केला पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याच सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय, ज्यास उपकल्पनीय म्हणतात, तो फारसा कोणी वाचीत नाही. त्यात औषधाहून अधिक चर्चा तयारीची आहे. घर भक्कम असावे, त्यात वारा बेताने खेळावा, धूर, ऊन व धूळ ह्यांचा उपद्रव नसावा; पाणी, उखळ-मुसळ, शौचस्थान, स्नानगृह व स्वयंपाकघर ह्यांची सोय असावी; स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग रगडणारे, औषध कुटणारे असे सेवक आधीच नेमावे, अशी ती तपशीलवार यादी आहे. कारणही तेथेच दिले आहे. संकट उभे राहिल्यावर वस्तू बाजारात मिळत असली तरी ती त्या घटकेस हाती येईल असा भरवसा नसतो. आणि पुढे तो ग्रंथकार हेही विसरत नाही की, सर्व साधने सर्वांपाशी नसतात, पण म्हणून दारुण रोग दरिद्री माणसास सोडीत नाहीत. रुग्णालय-प्रशासनाचा आजचा अभ्यासक्रम म्हणजे ह्या दोन वाक्यांचाच विस्तार होय, असे आम्हांस वाटते.

आधुनिक काळात ह्या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण अमेरिकेत रुजले. १९३४ साली शिकागो विद्यापीठात रुग्णालय-प्रशासनाचा पदव्युत्तर वर्ग निघाला. आपल्याकडे मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्याची शाळा स्थापन झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून देवनार येथे नावारूपास आली. तेथे रुग्णालय-प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, व त्यासाठी डॉक्टरच असले पाहिजे असे नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टरांसाठी असा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पुण्यासही ह्या शिक्षणाची सोय झालेली आहे.

आता पहिल्या सहामाहीत काय शिकवितात ते पाहू. संस्थेगणिक विषयांची नावे बदलतात, पण पाया बहुधा सारखाच असतो : आरोग्यव्यवस्थेची रचना, रोगप्रसाराचे शास्त्र व संख्याशास्त्र, आरोग्याचे अर्थशास्त्र व समाजशास्त्र, हिशेब व भांडारव्यवस्था, आणि कायदा व नीती.

पहिला विषय रचनेचा. स्वातंत्र्यापूर्वी सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, आणि प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना त्यातून पुढे आली. आज सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र आणि १,२०,००० वस्तीस एक सामुदायिक आरोग्यकेंद्र असे सरकारी प्रमाण आहे. डोंगरी व आदिवासी भागांत ते ३,०००, २०,००० व ८०,००० असे धरतात. ही उतरंड कशासाठी? तर खोकल्याच्या रोग्याने मोठ्या रुग्णालयात गर्दी करू नये, आणि अडलेल्या बाळंतिणीस लहान केंद्रात ताटकळावे लागू नये, यासाठी. आमच्या मराठवाड्यात अंबाजोगाई येथे १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले; आजूबाजूच्या तालुक्यांतील अवघड रोगी त्याच्याच वाटेला लागतात. खालच्या पायऱ्या ढिल्या पडल्या म्हणजे वरच्या पायरीवर किती भार येतो, हे तेथील बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ उभे राहिल्यास कोणासही कळेल. ती गर्दी डॉक्टरांच्या कौशल्याने हटणारी नाही. रोग्याला योग्य पायरीवर योग्य वेळी कोण पोचविणार, हा कारभाराचा प्रश्न आहे.

दुसरा विषय मोजण्याचा. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, हे आपण शाळेत शिकविले आहे. ती हाती दिवा घेऊन फिरे, एवढेच मुलांच्या लक्षात राहते. परंतु तिच्या हाती दिव्याइतकीच मोलाची दुसरी वस्तू होती, ती म्हणजे आकड्यांची वही. सैनिक जखमांनी जितके मरतात त्याहून कितीतरी अधिक घाणीतून उद्भवणाऱ्या रोगांनी मरतात, हे तिने आकडे मांडून व आकृत्या काढून सरकारपुढे ठेविले.

आकडे मांडताना पहिली सावधगिरी अपूर्णांकाची. समजा, एका दवाखान्यात शंभर रोग्यांपैकी पाच दगावले व दुसऱ्यात दोन. दुसरा चांगला असे आपण झटकन म्हणतो. परंतु पहिल्यात सर्पदंशाचे व अपघाताचे रोगी येत असतील आणि दुसऱ्याने गंभीर रोगी दारातूनच परत पाठविले असतील, तर? अंश पाहून चालत नाही. छेदात कोण मोजले गेले व कोण गाळले गेले ते आधी विचारावे लागते. गणिताच्या तासाला आम्ही हेच सांगत आलो; पण ह्या अपूर्णांकात माणसांचे प्राण असतात.

आता आपल्या जिल्ह्याचा अपूर्णांक पाहा. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ उरल्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत खाली होते. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून पुस्तकात होताच. दुसरा आकडा ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा आहे. त्यांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात आहेत असा बोभाटा २०१९ साली झाला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सुमारे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण देशात शेकडा ३.२ व महाराष्ट्रात शेकडा २.६ होते. दोन्ही पाहण्यांतील वयोमर्यादा तंतोतंत सारख्या नसतील, ही शंका चांगल्या विद्यार्थ्याने अवश्य काढावी. तरीही शेकडा तीन आणि शेकडा सतरा ह्यांतील अंतर केवळ वयाच्या फरकाने भरून निघणारे नव्हे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ह्यातील प्रत्येक शस्त्रक्रिया कोठल्या तरी वहीत नोंदली गेली असणार. वह्या निरनिराळ्या होत्या. बेरीज मात्र वर्षानुवर्षे कोणी केली नाही.

तिसरा विषय अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचा. सहांत एक असे का झाले, ह्याचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथात सापडत नाही. तेलगावाजवळच साखर कारखाना आहे. तथापि आमच्या भागातील शेकडो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता परततात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. एक दिवस पडला की खाडा धरला जातो व पैसे कापले जातात. पालावर संडास नाही, न्हाणी नाही, डोईवर उसाची मोळी. अशा स्थितीत पाळी म्हणजे खाडा, पांढरे जाणे म्हणजे दुखणे, आणि दुखणे म्हणजे पुन्हा खाडा. त्यातच "पिशवी ठेवलीस तर पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेल्याचे अनेक बायांनी सांगितले. शस्त्रक्रियेचा पैसा पुष्कळदा मुकादमाच्या उचलीतून आला, आणि तो फेडण्यासाठी टाके वाळतात न वाळतात तोच पुन्हा कोयता हाती घ्यावा लागला.

केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एक निबंध लिहून दाखविले की, औषधोपचाराचा बाजार हा धान्याच्या बाजारासारखा नसतो. आठवडी बाजारात आपण ज्वारी मुठीत घेऊन पाहतो, दाण्याला दात लावतो, भाव करतो. दवाखान्यात मात्र काय घ्यावयाचे हे विकणाराच सांगतो, आणि ते आवश्यक होते की नाही हे पुष्कळदा पुढेही कळत नाही. म्हणून तेथे विश्वास हेच मुख्य चलन असते. ते खोटे निघाले तर बाजाराचा कोणताही नियम गरिबाच्या मदतीस येत नाही.

चौथा विषय हिशेबाचा व कोठाराचा. आपल्या एकत्र कुटुंबांतील आज्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. कोणता डबा कधी रिता होईल, पाहुणे आले तर किती पीठ लागेल, कोणते जिन्नस संपले तरी चालतील व कोणते संपता कामा नयेत, हे त्यांस तोंडपाठ असते. रुग्णालयाच्या भांडारातही औषधांचे तीन वर्ग करितात : ज्यावाचून प्राण जाईल ती, ज्यावाचून काम अडेल ती, आणि असली तर बरी ती. पहिल्या वर्गाचा डबा एक घटकाही रिता राहू द्यावयाचा नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महानगरपालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा तुटला व त्या दिवशी २२ रोगी दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके गेली. ह्या मृत्यूंना रोगाचे नाव देता येत नाही. नळी, तार, टाकी आणि रात्रीची देखरेख ह्यांचे शास्त्र जो शिकतो, तो कारकून नव्हे. न दिसणारा प्राणरक्षक होय.

परंतु ह्याच हिशेबाच्या वहीत एक धोका दडला आहे, आणि तो पालकांनी नीट समजून घ्यावा. समजा, ५० खाटांचे एक खासगी रुग्णालय आहे. पगार, भाडे, वीज, यंत्रांचे हप्ते मिळून महिन्याचा बांधील खर्च १५ लाख रुपये आहे. ५० खाटा भरल्या तर प्रत्येक खाटेवर ३०,००० रुपयांचा भार येतो. २५ च भरल्या तर तोच ६०,००० होतो. हे त्रैराशिक शिकलेल्या तरुण अधिकाऱ्यास मालक एके दिवशी विचारणार : "खाटा रिकाम्या का?" प्रश्न वरकरणी निर्दोष आहे. त्याचे एक उत्तर असे की, सेवा सुधारू, दर कमी करू, सरकारी योजनेत नाव नोंदवू, म्हणजे लोक आपण होऊन येतील. दुसरे उत्तर असे की, ज्यांना खाटेची गरज नाही त्यांनाही खाटेवर आणू. गणित दोहोंचे एकच आहे. बीडच्या त्या १३,८६१ मध्ये अशा दुसऱ्या उत्तराच्या किती असतील, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. ही विद्या दुधारी आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

म्हणूनच कायदा व नीती हा पाचवा विषय पहिल्याच सहामाहीत असणे योग्य होय. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहकसंरक्षण कायद्याखाली येते. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आपल्या राज्यातील कायदा १९४९ चा आहे. त्याखालील नियमांत २०२१ साली सुधारणा होऊन दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक झाले. २०१९ च्या बोभाट्यानंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा दंडक घालण्यात आला, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणण्याविषयी सर्व राज्यांस आदेश दिले.

ह्यातील एक निवाडा आमच्या वाचकांच्या घरांसही लागू आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सज्ञान स्त्रीचे प्रकरण आले. केवळ तपासणीसाठी तिला भूल दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, प्राणावर बेतलेले नसेल तर रोग्याची स्वतःची संमती हवी. आईची पुरत नाही, आणि तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आता आपल्या घरांत काय चालते ते आठवून पाहा. सुनेला दवाखान्यात नेले म्हणजे डॉक्टर सासऱ्यांशी बोलतात, कागदावर सही मुलगा करितो, आणि जिच्या देहाचा प्रश्न आहे तिला घरी परतल्यावर समजते. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, बहुधा मायाच असते. परंतु मायेने घेतलेला निर्णयही तिचा होत नाही. ऊसतोड करणाऱ्या बाईचे अज्ञान आपण हळहळून बोलतो. शिकलेल्या घरातील सुनेस मात्र विचारावयाचे विसरतो. संमतीपत्र रोग्याच्या भाषेत वाचून दाखविणे व तिच्याच हातून सही घेणे, एवढे एक काम जरी ह्या नव्या अधिकाऱ्यांनी नेटाने केले तरी त्यांच्या शिक्षणाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. ज्या घरातील मुलास किंवा मुलीस ह्या मार्गाने जावयाचे असेल त्यांनी संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, आणि प्रत्यक्ष रुग्णालयातील उमेदवारी किती महिन्यांची व कोठे मिळते, हे आधी पाहावे. केवळ इमारत व जाहिरात पाहून शुल्क भरू नये. नोकऱ्या पुष्कळशा मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील खासगी रुग्णालयांत आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात व्यवस्थापकांच्या जागा असतात, पण त्या बहुशः कंत्राटी. तेव्हा बीडसारख्या जिल्ह्यात राहून काम करणाऱ्यास पगार कमी व स्थैर्य थोडे, हे लपवून उपयोग नाही. आम्ही कोणास त्यागाचा उपदेश करीत नाही; संसार सर्वांस आहे. परंतु शहरात गेलेल्या मुलीने वर्षातून एक महिना आपल्या तालुक्यातील वह्यांची बेरीज करून दिली, तरी ते मोठे काम होईल.

मुलांच्या अभ्यासात वडीलधाऱ्यांस करता येण्याजोगे एक काम आहे. सुटीत घरी आल्यावर त्यांस विचारावे, "तू शिकलेले मराठीत सांग पाहू." पुस्तके इंग्रजी, शब्द इंग्रजी, तथापि ज्या रोग्यांसाठी हा कारभार चालवावयाचा ते तेलगावच्या फाट्यावर गाडीची वाट पाहणारे लोक आहेत. अंश-छेदाची गोष्ट आजीला समजेल अशा शब्दांत जो सांगू शकेल, तोच संमतीपत्रही कोयत्यावरून आलेल्या बाईस समजावू शकेल. आणि दुसरा एक प्रश्न विचारण्यास संकोचू नये : "मालकाने रिकाम्या खाटांविषयी विचारले, तर तू काय उत्तर देशील?" ह्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत मागत नाहीत. ते घरातच तयार व्हावे लागते, आणि ते तयार करून देणे हे आपणां वडील मंडळींचे काम आहे.